केबल बदलताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९७६ च्या दहावीच्या तुकडीच्या वतीने केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



संयोजकांनी मला विषय दिलाय 'अमेरिकेतले माझे सहा महिने'. आपल्या तुकडीतल्या निम्म्या लोकांची पोरं तिकडं आहेत. त्यामुळं तिकडचे रस्ते, तिकडची मॉल, घरी चहा करणारं कुणी नसतं, हे सगळं तुम्ही दहा वेळा ऐकलंय. नायगाराचं म्हणाल तर मीही बघून आलो. पाणी वरून खाली पडतं. त्यामुळं आज मी वेगळंच सांगणार आहे. त्या सहा महिन्यांतले जवळजवळ तीन आठवडे मी एक केबल निवडण्यात घालवले. साधारण साडेतीन फुटांची केबल. तिची गोष्ट मी सांगतो. पंधरा मिनिटं दिलीत, वीस घेईन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दहावीनंतर दोन वर्षांनी मी हवाई दलात भरती झालो. इंजिन फिटर. पायलट नव्हे, हे मुद्दाम सांगतो, कारण गावात अजून काही लोक मला 'पायलट' म्हणतात आणि मी वीस वर्षं त्यांना दुरुस्त केलेलं नाही. सुरुवातीला मी एचटी-२ या शिकाऊ विमानांवर होतो. ते विमान डॉ. वि. मा. घाटगे या आपल्या मराठी माणसाच्या नेतृत्वाखाली बंगळूरला तयार झालं, आणि १९५१ साली पहिल्यांदा उडालं. ज्या कारखान्यात ते झालं तो हिंदुस्तान एअरक्राफ्ट १९४० मध्ये उभा केला वालचंद हिराचंद यांनी. तेच वालचंद शेठ, ज्यांच्या नावाचं वालचंदनगर आपल्या इंदापूर तालुक्यात आहे, आणि जिथं माझे वडील फिटर होते. तेव्हा विमान आणि इंदापूर यांचं नातं बारामतीला विमानतळ व्हायच्या कितीतरी आधीचं आहे, एवढं बारामतीकरांनी लक्षात ठेवावं. (हशा)

हवाई दलातून सुटल्यावर मी इंदापुरात हायवेला गॅरेज टाकलं. दुचाकी आणि तीनचाकी. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी तयार होतात, आणि त्यातल्या बऱ्याच आयुष्यात कधी ना कधी माझ्या दारात येऊन गेल्या. सगळ्यात जास्त काम कशाचं? वायर. क्लच वायर, गिअर वायर, ॲक्सिलेटर वायर. ऐन सीझनमध्ये, मागं भाजीची पोती भरलेली, आणि ॲक्सिलेटर वायर तुटली की ड्रायव्हर काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. इंजिनाला सुतळी बांधतो, दुसरं टोक पोराच्या हातात देतो, "ओढ" म्हणतो, आणि इंदापूर गाठतो. मी स्वतः अशी सुतळी सोडवून कितीतरी वायरी बसवल्यात. आउटर कापायची, इनर घालायची, टोकाला निपल डाग देऊन पक्का करायचा. अर्ध्या तासाचं काम.

हे सगळं सांगतोय कारण माझा पोरगा, जो अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन शहराजवळ राहतो, त्यानं घराच्या गॅरेजमध्ये विमान बांधलंय.

आता लगेच कुजबूज सुरू झाली. खेळण्यातलं नाही. दोघं शेजारीशेजारी बसतात असं खरं विमान. तिकडं हे कायदेशीर आहे. व्हॅन्स नावाची ऑरेगॉनमधली कंपनी सुटे भाग आणि नकाशे देते, आणि आपण रिव्हेट मारत बसायचं. त्यांची दहा हजारांपेक्षा जास्त विमानं लोकांनी घरी बांधून उडवलीत. अट अशी की अर्ध्यापेक्षा जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलेलं पाहिजे. मग सरकारी तपासणी होते, आणि विमानात 'एक्सपेरिमेंटल' असं ठळक अक्षरात लिहावं लागतं, म्हणजे बसणाऱ्याला कळावं की हे कारखान्याचं प्रमाणपत्र असलेलं विमान नाही. ज्यानं बांधलं त्यालाच दर बारा महिन्यांनी ते पूर्ण उघडून तपासायचा आणि सही करायचा परवाना मिळतो. आमच्या पोराला बांधायला सहा वर्षं लागली. विमानाचं नाव आरव्ही-९ए.

आपल्याकडंही एका माणसानं हे केलंय. कॅप्टन अमोल यादव. मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ साली 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी झाली, आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी बसवायची तरी सोसायटीची बैठक लागते. त्या माणसाला माझा दंडवत.

पण बापाच्या आणि आईच्या पोटात काय होतं ते वेगळं. २०२२ च्या जुलैमध्ये, २५ तारखेला, आपल्या कडबनवाडीच्या शिवारात एक प्रशिक्षण विमान शेतात पडलं. शिकाऊ पायलट मुलगी होती, जखमी झाली पण वाचली. तुमच्यातले बरेच जण बघायला गेले होते. मीही गेलो. ते का पडलं यावर मी बोलणार नाही, तो तपास करणाऱ्यांचा विषय आहे. पण विमानाचा पत्रा किती पातळ असतो ते त्या दिवशी गावानं जवळून पाहिलं. आमच्या घरात हिनंही पाहिलं. त्या रात्री ही जेवली नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेला निघताना बॅगेत लोणचं आणि मेतकूट भरता भरता हिनं मला कामगिरी दिली : "काही करा, पण त्याला ते विमान विकायला लावा."

तर मी ती कामगिरी घेऊन गेलो.

आम्ही पोचलो तेव्हा विमानाची वर्षाची तपासणी चालू होती. इंजिनावरची झाकणं काढलेली. पोरगा मला म्हणाला, "अण्णा, थ्रॉटल ओढून बघा." विमानात ॲक्सिलेटरला हँडल-पॅडल नसतं. समोर पट्टीवर मुठी असतात. काळी मूठ थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलेटर. लाल मूठ मिक्श्चर, म्हणजे हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते. काळी पुढं ढकलली की ताकद वाढते. लाल पूर्ण मागं ओढली की पेट्रोल तुटतं आणि इंजिन बंद पडतं. रंग आणि आकार ठरलेले, म्हणजे अंधारातही हात चुकू नये.

मी काळी मूठ ओढली. मध्यावर एका जागी बारीकसा अडखळा लागला. केसाएवढा. गॅरेजवाल्याच्या हाताला तो कळतो. टॉर्च लावून पाहिलं तर केबलचा मधला भाग सायलेन्सरच्या पाइपाच्या फार जवळ लोंबत होता आणि वरचं प्लॅस्टिक भाजून चकाकत होतं. आतलं अस्तर फुगलेलं. आज अडखळतेय, उद्या अडकेल.

मी म्हणालो, "एवढंच ना? इनर आण, आउटर आण. अर्ध्या तासात करून देतो."

पोरगा म्हणाला, "अण्णा, हे एपे नाही."

खरं सांगतो, लागलं मला. याच पोराची इंजिनिअरिंगची फी मी त्याच वायरी बदलून भरली. मी दोन दिवस गॅरेजात पाऊल टाकलं नाही. हिच्या शेजारी बसून मालिका बघितल्या. ही खूश. तिला वाटलं, मोहीम सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. पोरानं आम्हाला गाडीत घातलं आणि डेटनमध्ये राइट बंधूंचं सायकलचं दुकान दाखवायला नेलं. तिथं मला एक माणूस भेटला. म्हणजे फोटोत. चार्ली टेलर. राइट बंधूंच्या दुकानातला मेकॅनिक. १९०३ च्या विमानाचं इंजिन यानं त्या दुकानात सहा आठवड्यांत हातानं बनवलं. चार सिलिंडर, जेमतेम बारा अश्वशक्ती. त्या इंजिनाला आपण म्हणतो तसा थ्रॉटलच नव्हता. वेग कमीजास्त करायचा तर जमिनीवर ठिणगीची वेळ पुढंमागं करायची, आणि एकदा उडालं की जे आहे ते आहे. मी पोराला म्हणालो, "बघ, यांना वायरीची भानगडच नव्हती." पोरगा हसला. मीही हसलो. बोलणं सुरू झालं.

मग त्यानं मला नीट समजावलं, आणि तो बरोबर होता हे मी आज सगळ्यांसमोर मान्य करतो. आपल्या रिक्षाची, सायकलच्या ब्रेकची जी वायर आहे, तिचा शोध बोडेन नावाच्या माणसाच्या नावावर आहे, १८९६ चं पेटंट. ती वायर म्हणजे नळीतून ओवलेली दोरी. दोरी ओढता येते, ढकलता येत नाही. परत न्यायला पलीकडं स्प्रिंग लागते. त्या विमानाच्या कार्ब्युरेटरला मात्र ताकद वाढवतानाही आणि कमी करतानाही हातानंच हलवायचं होतं. तिथं दोरी चालत नाही, वाकणारी काठी लागते. तिला पुश-पुल केबल म्हणतात. आतली तार जाड, बाहेर पोलादी आवरण, मध्ये निसरडं अस्तर, आणि दोन्ही टोकं यंत्रानं दाबून पक्की केलेली. डाग दिलेला निपल उष्णतेनं आणि थरथरीनं कधी ना कधी सुटतो. ते काम माझं नव्हतं. कारखान्यातून आणायलाच हवी होती.

पण त्यानं पुढं जे म्हटलं तिथं माझा नंबर आला. तो म्हणाला, "जुनी मोजतो आणि तेवढीच मागवतो."

मी म्हणालो, "अरे, जुनी मोजून नवी मागवली तर जुनीची चूकही नवीन येईल. ही केबल सायलेन्सरकडं का गेली? जास्त लांब होती म्हणून लोंबली."

मग आम्ही दोघांनी काय केलं, तर केबलच्या जाडीची प्लॅस्टिकची नळी आणली. मुठीपासून सुरुवात करून, इंजिन आणि माणसं यांच्यामधला जो जाड पत्रा असतो, ज्याला फायरवॉल म्हणतात, त्यातून बाहेर काढून, जिथून जायला हवी तिथूनच कार्ब्युरेटरपर्यंत नेली. दोनदा नेली. खुणा केल्या. जुनी केबल चार इंच लांब निघाली.

अगदी ताणूनही चालत नाही. इंजिन रबरावर बसलेलं असतं, सुरू होताना ते चांगलंच हलतं. केबलला एक सैल वळण ठेवावं लागतं. आणि वळणांचा हिशेब वेगळा. आपल्या विज्ञानाच्या सरांनी घर्षण शिकवलं तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होतो, ते इथं भरून काढलं. केबल जड चालते ती लांबीमुळं तेवढी नाही, जेवढी वळणांच्या बेरजेमुळं. काटकोनाची दोन वळणं घेतलेली आखूड केबल, एकच सावकाश वळण घेतलेल्या लांब केबलपेक्षा जड चालेल. विहिरीवर दोर खांबाला दोन वेढे दिला की एका हातानं बादली धरता येते, तेच शास्त्र.

मग चाल. म्हणजे मूठ किती ओढली की तिकडचा दांडा किती फिरायला हवा. दांड्याची चाल अडीच इंचांच्या आसपास, म्हणून तीन इंच चालीची केबल घेतली. अट अशी की शेवट कार्ब्युरेटरवर आला पाहिजे, मुठीवर नाही. मूठ पूर्ण ढकलल्यावर ती आणि पट्टी यांच्यात दोन-तीन मिलिमीटर जागा उरली पाहिजे. मूठ आधी टेकली तर आपल्याला वाटतं पूर्ण ताकद दिली, आणि तिकडं दांडा अजून थोडा बाकी असतो.

आवरण दोन्ही टोकांना घट्ट धरलेलं पाहिजे. एक पट्टी सुटली तर मूठ ओढल्यावर आतली तार सरकण्याऐवजी बाहेरचं आवरणच पुढंमागं होतं, आणि दांडा जागचा हलत नाही. रिक्षात हे मी हजारदा पाहिलंय. लोक वायर बदलतात, खरा दोष दोन रुपयांच्या क्लॅम्पचा असतो.

टोकाला गोळ्याचा सांधा, ज्याला रॉड एंड म्हणतात. त्यातला गोळा झिजून बाहेर आला तर केबल दांड्यावरून निसटेल. म्हणून बोल्टाला त्या गोळ्यापेक्षा मोठा वॉशर घालायचा. गोळा गेला तरी वॉशर केबलला जाऊ देत नाही. वॉशरची किंमत तुम्ही विचारू नका, पण तो विसरू नका.

आणि आता मुख्य प्रश्न. हा मी विचारला. हवाई दलातल्या आमच्या एका जुन्या सार्जंटची सवय : कुठलाही भाग हातात घेतला की तो आधी विचारायचा, "हा मोडला तर काय होईल?"

रिक्षाची वायर तुटली की स्प्रिंग थ्रॉटल बंद करते. इंजिन मंद होतं, रिक्षा बाजूला घेता येते. रस्त्यावर ते बरोबर आहे. पण आकाशात बाजूला घ्यायला बाजू नसते. रोटॅक्स म्हणून छोट्या विमानांचं एक इंजिन येतं, ९१२ नंबरचं. त्याच्या कार्ब्युरेटरच्या स्प्रिंगा उलट्या आहेत. वायर तुटली तर त्या थ्रॉटल पूर्ण उघडतात. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. पण विचार करा. इंजिन पूर्ण ताकदीनं चालू राहतं, पायलट उंची राखून धावपट्टीच्या वर येतो, उतरता येईल अशी जागा पक्की झाली की चावी बंद करतो, आणि इंजिनाशिवाय तरंगत उतरतो. उलट, मंद झालेलं इंजिन आहे तिथंच खाली आणतं. खाली ऊस असो की विहीर.

आमच्या विमानाच्या कार्ब्युरेटरला अशी काही सोय नव्हती. केबल सुटली तर दांडा थरथरत कुठंही जाईल, हे पोरालाही माहीत होतं, पण 'केबल सुटणारच नाही' असं धरून त्यानं तो विषय सोडला होता. मी म्हणालो, "कडबनवाडीला तुझी आई माझ्या शेजारी उभी होती." त्यानं वाद घातला नाही. पण लगेच स्प्रिंगही लावली नाही. तिकडं घरी विमान बांधणाऱ्यांची एक संघटना आहे, १९५३ पासूनची, ईएए म्हणतात. तिचे अनुभवी लोक फुकट येऊन काम बघून जातात. त्यांच्यातले एक आजोबा आले, माझ्यापेक्षा मोठे. त्यांनी दांडा हलवून पाहिला, स्प्रिंग कुठं अडकवायची, किती जोराची, ते दाखवलं. जास्त जोराची लावली तर सांधा लवकर झिजेल, हे बजावलं. माझं इंग्रजी आणि त्यांचं इंग्रजी एकमेकांना फारसं कळलं नाही. पण पाना मागितला तर बरोबर नंबरचा पाना हातात येत होता.

केबल आली. बसवायचा दिवस उजाडला. मुठीकडचं टोक पोरानं घेतलं. कार्ब्युरेटरकडचं टोक मी मागितलं. इंजिनाच्या खाली, अडचणीची जागा, हात आत घातला की दिसत नाही, फक्त लागतं. म्हटलं, हे हात तेच काम करत आलेत. बोल्ट घातला, मोठा वॉशर घातला, कॅसल नट बसवला. कॅसल नट म्हणजे किल्ल्याच्या बुरुजासारख्या खाचा असलेला नट. ज्या बोल्टावर काही फिरतं तिथं तोच लागतो. खाचेतून स्प्लिट पिन घालून तिची टोकं वाकवायची, म्हणजे थरथरीनं नट कधी उलगडणार नाही.

तेवढ्यात नात धावत आली. "आजोबा, जेवायला." मी हात पुसले आणि गेलो. जेवून आलो. हत्यारं आवरली.

हवाई दलाचा नियम आहे, आणि विमानाच्या कामात बऱ्याच ठिकाणी तोच आहे. कंट्रोलला हात लावला की एकानं करायचं आणि दुसऱ्यानं स्वतंत्रपणे तपासायचं. तिकडं घरच्या विमानाला हे कुणी सक्तीनं करायला लावत नाही, पण पोराची पद्धत होती. संध्याकाळी आम्ही जागा बदलल्या. मी त्याचं टोक तपासलं. ठीक. तो टॉर्च घेऊन माझ्या टोकाकडं वाकला. बराच वेळ वाकून होता. मग म्हणाला, "अण्णा, जरा इकडं या."

नट होता. पिन नव्हती.

दोस्तांनो, वीस वर्षं हवाई दल आणि बावीस वर्षं गॅरेज. त्या मुलाला आयुष्यभर मी सांगत आलो की काम अर्धं टाकून उठायचं नाही. आणि ज्या विमानात तो बसणार, कदाचित सूनबाई बसेल, नात बसेल, त्याचा नट मी तसाच सोडून पिठलं-भाकरी खायला गेलो होतो. माझे पाय खरंच लटपटले. मी त्या स्टुलावर बसलो.

पोरगा काही बोलला नाही. 'अण्णा, हे एपे नाही' असं तर अजिबात म्हणाला नाही. तेव्हा म्हणाला असता तरी चाललं असतं. त्यानं पिनेची डबी पुढं केली आणि म्हणाला, "घाला. मी टॉर्च धरतो."

मी पिन घातली. टोकं वाकवली. त्यानं पुन्हा तपासली. मग त्याची एक वही आहे, विमान बांधायला घेतलं तेव्हापासूनची, तिच्यात केलेलं सगळं लिहिलेलं. ती त्यानं माझ्यापुढं ठेवली. मी मराठीत लिहिलं : "थ्रॉटल केबल बदलली. इंजिनाकडील टोक मी बसवले. स्प्लिट पिन घालायची राहिली होती. तपासणीत मुलाच्या लक्षात आले. बसवली." खाली तारीख आणि सही. तो म्हणाला, "'राहिली होती' हे लिहायची गरज नाही, अण्णा." मी म्हणालो, "गरज आहे." चूक लिहिली की पुढच्याला कळतं कुठं बघायचं. लपवली की ती फक्त करणाऱ्याला माहीत असते, आणि करणारा विसरतो.

पहिलं उड्डाण त्यानं एकट्यानं केलं. काम केल्यावर पहिल्यांदा कुणाला सोबत घ्यायचं नाही. वीस मिनिटं तो धावपट्टीच्या वरच घिरट्या घालत होता, म्हणजे इंजिन गेलं तरी खाली उतरता यावं. आम्ही कुंपणाशी उभे. ही माझा दंड धरून. त्या वीस मिनिटांत इंजिनाच्या आवाजात जेवढे चढउतार झाले तेवढे सगळे मी मोजले. तो उतरला, इंजिन बंद केलं, झाकण काढलं, आणि आम्ही दोघं पुन्हा टॉर्च घेऊन वाकलो. पिन जागेवर होती.

आठ दिवसांनी मी बसलो. खाली मक्याची शेतं, चौकोनी, नांगराच्या रेघांसकट. वरून बघताना मला आपला कालव्याकाठचा भागच आठवला, फक्त उसाच्या ट्रॉल्या नाहीत. पोरगा मला हे दाखव, ते दाखव करत होता. मी मात्र जास्त वेळ त्याच्या उजव्या हाताकडं बघत होतो, काळ्या मुठीवरच्या. मूठ कुठंही अडखळत नव्हती.

ही अजून बसलेली नाही. समोरच बसलीय, दुसऱ्या रांगेत. आणि विमान विकायला लावायची कामगिरी मी पार पाडली नाही, हेही ती विसरलेली नाही. परवा विचारत होती, "पुढच्या वर्षी तपासायला तुम्ही जाणार ना?" मी म्हटलं, जाणार. तेवढ्यावर तूर्त आमचा तह झालेला आहे.

शेवटचं सांगतो आणि बसतो. ही पिशवी. हिच्यात ती जुनी केबल आहे. विमानतळावर सुरक्षावाल्यानं उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, काय आहे? मी म्हणालो, शाळेला द्यायचीय. गॅरेजात मी ती उभी कापलीय, म्हणजे आतली तार, अस्तर, आवरण आणि भाजलेला भाग मुलांना दिसेल. एका फळीवर बसवून आणलीय. शेजारी रिक्षाची साधी वायरही लावलीय, दोन्हींतला फरक कळावा म्हणून. टोकाला कॅसल नट आहे आणि पिनही आहे. पिन मुद्दाम सुटी, दोऱ्यानं बांधून ठेवलीय. मुलांना काढता-घालता यावी म्हणून.

मुख्याध्यापकांनी ती प्रयोगशाळेसाठी स्वीकारावी, ही विनंती. फक्त काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका, सर. मुलांच्या हातात द्या.